आरी ते फ्लॅटलॉक

कुठल्याही टी-शर्टचा खालचा काठ उलटून पाहिला तर एकाच शिलाईची दोन रूपे दिसतात. वरच्या बाजूला शेजारी-शेजारी धावणाऱ्या दोन सरळ टिपा. आतल्या बाजूला त्या दोन टिपांना जोडणारी दोऱ्याची जाळी आणि तिच्याखाली झाकून टाकलेली कापडाची कच्ची कड. काठ ताणला की शिलाईही ताणली जाते आणि सोडला की जागेवर येते. आपल्याकडच्या शिलाईच्या धंद्यात या टाक्याला आणि तो घालणाऱ्या यंत्राला फ्लॅटलॉक म्हणतात. घरगुती यंत्रे विकणाऱ्या कंपन्या त्यालाच कव्हरस्टिच म्हणतात. कालपरवापर्यंत हे यंत्र तिरुपूर-लुधियानाच्या कारखान्यांचे होते. आता ते नगरसारख्या शहरात घरी शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या हिशेबात येऊ लागले आहे. (शहराचे आणि जिल्ह्याचे नाव २०२४मध्ये अहिल्यानगर झाले, बोलण्यातले ‘नगर’ मात्र दोन्ही नावांना पुरून उरले.) यंत्र नवे असले तरी त्याचे घराणे फार जुने आहे. हे घराणे साखळी टाक्याचे, आणि दीडशे वर्षांपूर्वी याच टाक्याला घराघरांतून हद्दपार केले गेले होते. तो परत कसा आला, हे पाहायचे तर आपल्याला बरेच मागे जावे लागेल.

किती मागे, याचे उत्तर याच जिल्ह्याच्या मातीत आहे. प्रवरेकाठच्या नेवाशाला १९५४ ते ५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलियांनी उत्खनन केले. तिथे ताम्रपाषाणयुगातल्या एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तांब्याच्या गंजामुळे मण्यांच्या आतला दोरा कुजला नव्हता, आणि तपासणीत तो कापूस व रेशीम यांचा निघाला. सुमारे तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा हा दोरा भारतातल्या रेशमाच्या अगदी जुन्या पुराव्यांपैकी एक मानला जातो. त्या मुलाच्या अंगावर शिवलेले काही होते का, हे त्या दफनावरून कळत नाही. पण सूत काढणे आणि ते पिळून टिकाऊ करणे, ही शिवणकामाच्या आधीची पायरी प्रवरेच्या खोऱ्यात तेव्हाच ओलांडलेली होती.

त्यापुढचा फार मोठा काळ न शिवलेल्या कापडाचा. धोतर, लुगडे, उपरणे, पागोटे यांतल्या कशालाही सुई लागत नाही. ताण पडला तर सैल करायचे, ढिले झाले तर खोचायचे, एवढी सोय नेसण्यातच होती. मलिक अहमदने १४९०मध्ये निजामशाहीची स्थापना केली आणि त्याच्या नावाचे शहर वसले, त्यानंतर इथे आणि शेजारच्या भिंगारमध्ये विणकरी वाढत गेली. एकोणिसाव्या शतकात नगरची ओळख लुगडी आणि पागोटी विणणारे गाव अशीच होती, आणि पद्मशाली व साळी विणकरांचे माग पुढेही बराच काळ चालू राहिले. जिल्ह्याला आता जिचे नाव आहे ती अहिल्याबाई जामखेड तालुक्यातल्या चौंडीची, जन्म १७२५चा. तिनेही महेश्वरला विणकर आणून वसवले आणि तिथल्या साडीचे नाव देशभर झाले. शिंप्याचे काम या सगळ्याच्या कडेचे: चोळी, बंडी, बाराबंदी, घोडेस्वाराचा अंगरखा. पण कडेचे असले तरी मानाचे, कारण तेराव्या-चौदाव्या शतकातले संत नामदेव शिंप्याच्या कुळातले, आणि सुई, दोरा, कात्री ही हत्यारे त्यांच्या नावाने भक्तीच्या भाषेत कायमची जाऊन बसली. या शिंप्याजवळ धावदोरा होता, बखे होते, तुरपाई होती. साखळी टाका शोभेपुरता; कपडा जोडण्याचे काम तो करत नसे.

साखळी टाक्यावर पोट भरणारा माणूस वेगळाच होता. तो होता मोची. चामडे शिवायला तो आरी वापरतो: लाकडी मुठीत बसवलेली, टोकाशी बारीक खाच असलेली सळई. आरी वरून खाली टोचायची, खालच्या हाताने धरलेला दोरा खाचेत अडकवायचा, वर ओढून त्याचा फास काढायचा आणि पुढचा टोचा त्या फासातूनच घालायचा. प्रत्येक कडी आधीच्या कडीतून निघते आणि कामाचा वेग सुईच्या कितीतरी पट होतो, कारण लांब दोरा दर टाक्याला कापडातून आरपार ओढावा लागत नाही. गुजरातेत जरीने भरलेले चामडे होते, हे मार्को पोलोने तेराव्या शतकातच नोंदवून ठेवले आहे. पुढे कच्छ-सौराष्ट्रातल्या मोच्यांनी तीच आरी बारीक करून कापडावर चालवली आणि दरबारांसाठी भरतकाम केले. सतराव्या शतकात खंभात-सुरतेच्या व्यापारातून असे भरतकाम युरोपात पोहोचले. नगरच्या कापड बाजाराला लागून मोची गल्ली आहे. तिथून जाणाऱ्याला चामडे आणि कापड यांचा शेजार केवळ जागेचा वाटेल, पण फ्लॅटलॉकच्या वंशावळीत तो रक्ताचा आहे.

अठराव्या शतकाच्या मध्यावर हेच तंत्र फ्रान्समध्ये फॅशन होऊन बसले. गोल चौकटीवर कापड ताणून आकडीच्या सुईने साखळी भरायची. शार्ल जर्मां द सेंट-ओबँ याने १७७०च्या आपल्या भरतकामावरच्या ग्रंथात त्याचे सविस्तर वर्णन केले. पुढे ल्योंच्या आसपासच्या डोंगरी गावांत ही आकडी घरोघरच्या बायकांच्या पोटापाण्याचे साधन झाली. दरम्यान लंडनमध्ये थॉमस सेंट याने १७९०मध्ये एका शिवणयंत्राचे पेटंट घेतले होते. तेही चामड्यासाठी आणि तेही साखळी टाक्याचे. पण ते कागदातच पडून राहिले आणि पुढे जवळपास ऐंशी वर्षे कोणाच्या नजरेला पडले नाही. खरे काम केले बार्तेलेमी तिमोनिए या शिंप्याने. तो याच ल्योंच्या मुलखातला. आकडीने भराभर भरत जाणारे हात तो पाहत आला होता, आणि त्याने तीच आकडी लाकडी सांगाड्यात उभी बसवून पायाने चालवली. १८३०मध्ये पेटंट मिळाले. पॅरिसला अशी ८० यंत्रे बसवून त्याने फौजेचे गणवेश शिवायला घेतले. १८३१च्या जानेवारीत शहरातल्या शिंप्यांनी कारखान्यात घुसून यंत्रे मोडली. तिमोनिए १८५७मध्ये कंगाल अवस्थेत गेला. जगातले कामाला लागलेले पहिले शिवणयंत्र अशा रीतीने आरीची हुबेहूब नक्कल होते, आणि दुसऱ्या कशाची नक्कल करावी, असे त्या माणसाला वाटण्याचे कारणही नव्हते.

अमेरिकेने मात्र वेगळाच टाका शोधला. वरच्या सुईचा एक दोरा, खालच्या बॉबिनचा दुसरा, आणि दोघांची गाठ कापडाच्या पोटात. वॉल्टर हंटने १८३०च्या दशकात तो साधला, पण पेटंट घेतले नाही. इलायस हाऊने १८४६मध्ये घेतले. आयझॅक सिंगरच्या पेटंटची तारीख १२ ऑगस्ट १८५१. (आर्थर वेलस्लीने नगरचा भुईकोट किल्ला घेतला तीही १२ ऑगस्टच, सालाचा मात्र ४८ वर्षांचा फरक. या योगायोगाला काही अर्थ नाही; तारखांची आवड असलेल्याला तो सांगितल्याशिवाय राहवत नाही इतकेच.) त्याच १८५१ सालच्या फेब्रुवारीत बॉस्टनच्या ग्रोव्हर आणि बेकर या दोघांनी साखळी टाक्यात मोठी सुधारणा केली होती. त्यांनी खाली दुसरा दोरा दिला, आणि सुईने आणलेल्या फासात खालच्या दोऱ्याचा फास गुंतवायची व्यवस्था केली. फ्लॅटलॉकचा सख्खा पूर्वज हाच. १८५५मध्ये व्हर्जिनियाच्या जेम्स गिब्ज या शेतकऱ्याने एका शिवणयंत्राचे छापील चित्र पाहिले. चित्रात वरचा भागच होता; खाली काय चालत असेल याचा त्याने तर्क केला आणि त्या तर्कातून एकदोरी साखळीचे स्वतःचे नवे यंत्र काढले. विलकॉक्स अँड गिब्ज ही कंपनी त्यातून उभी राहिली. हे नाव आपल्याला पुढे पुन्हा भेटेल.

तरीही बाजी मारली बॉबिनने. साखळीला दोरा जास्त लागे, खालची बाजू जाड होई आणि मुख्य म्हणजे योग्य टोक सापडले की सगळी शिवण सरसर उसवे. सिंगरच्या कंपनीने १८५६पासून हप्त्यांवर यंत्रे द्यायला सुरुवात केली, आणि संसारी माणसाने हप्ते भरून घेतलेल्या यंत्राची टीप एका झटक्यात सुटावी, हे परवडणारे नव्हते. १८७५च्या सुमारास ग्रोव्हर अँड बेकर कंपनी मिटली. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे ‘घरचे मशीन’ म्हणजे बॉबिनचे मशीन.

याच रूपात ते आपल्याकडे आले. पण नगरमध्ये त्याच्यासाठी जागा आधीच तयार झाली होती, ती शाळेमुळे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१मध्ये नगरला ठाणे केले. मिस सिंथिया फरार १८३९मध्ये इथे आल्या आणि १८६२मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी इथेच मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुल्यांनी त्यांची शाळा पाहिली होती, आणि सावित्रीबाईंनी त्यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले असे चरित्रकार सांगतात. मिशनच्या मुलींच्या शाळांत वाचन-लेखनाच्या जोडीला सुईकाम असेच. १८९९-१९०० च्या दुष्काळाने पोरकी झालेली मुले मोठ्या संख्येने मिशनकडे आली, तेव्हा हस्तोद्योग हा निव्वळ शाळेचा विषय न राहता पोटाचा प्रश्न झाला. त्याच सुमारास इथे आलेल्या डी. सी. चर्चिल या अभियंता मिशनऱ्याने सुधारलेला हातमाग बनवला आणि तो नगरबाहेरही गाजला. शिवणकाम ही शिंप्याच्या जातीबाहेरच्या, आणि विशेषतः बाईच्या, हातात येणारी विद्या आहे, ही कल्पना या जिल्ह्यात अशी रुजली. १९०९मध्ये रमाबाई रानड्यांच्या पुण्याच्या सेवासदनाने शिवणाच्या वर्गांतून तिला मध्यमवर्गीय घरांत प्रतिष्ठा दिली.

यंत्र विकणारे पोहोचले ते मुंबईमार्गे. सिंगरने १८७०च्या दशकात हिंदुस्थानात पाय ठेवला आणि पुढे तिचा इथला कारभार नसरवानजी मेरवानजी पटेल या मुंबईच्या पारशी गृहस्थांनी वर्षानुवर्षे सांभाळला. गिऱ्हाईक मुख्यतः शिंपी आणि छावण्यांतले दर्जी. भिंगारची छावणी त्याला अपवाद असण्याचे कारण नाही. १९२४मध्ये यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनी सिंगरच्या मशीनला मात्र सूट दिली. बायकोचे कष्ट पाहून त्याने प्रेमापोटी ते बनवले, असा त्यांचा समज होता. सिंगरचे खरे चरित्र, त्यातल्या अनेक बायका आणि वीसहून अधिक मुले, महात्माजींच्या कानांवर गेले नसावे हेच बरे. १९३०च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सचे ‘उषा’ आले, स्वातंत्र्यानंतर आयात आवळली गेली, आणि काळे पायमशीन मुलीच्या लग्नातल्या भांड्यांच्या शेजारी जाऊन बसले.

मग या सगळ्या काळात साखळी टाका होता कुठे? नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याने तो रोज पाहिला आहे. फक्त कपड्यावर नाही. १८८१मध्ये शिकागोत युनियन स्पेशल ही कंपनी निघाली ती पोती शिवणाऱ्या यंत्रांसाठी. जो दोष कपड्यात नको होता, तोच पोत्यात गुण ठरला: तोंड घट्ट बंद राहते आणि बरोबर टोक ओढले की एका ओढीत उघडते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१चा. त्यानंतर हा जिल्हाच साखरेचा झाला. साखरेचे असो, खताचे असो वा पेंडीचे, यंत्राने शिवलेल्या पोत्याच्या तोंडाचा दोरा म्हणजे साखळी टाका. कोणत्या बाजूने ओढायचा हे न कळल्याने विळ्याने पोतेच फाडणारा माणूस आणि दोन बोटांनी दोरा मोकळा करणारा माणूस, दोघेही गावात असतात.

कपड्यात तो परतला तो कापडच बदलल्यामुळे. मागावरचे कापड उभ्या-आडव्या धाग्यांचे. विणीचे कापड मात्र फासांचे, म्हणजे स्वतःच एक साखळी. १५८९मध्ये विल्यम ली या इंग्रज पाद्र्याने मोजे विणायचे यंत्र काढले, आणि एकोणिसाव्या शतकात गोल फिरणारी विणयंत्रे आल्यावर अंगालगतची वस्त्रे अशा कापडाची होऊ लागली. त्यांना बॉबिनची टीप चालेना. कापड ताणले की दोरा ताणत नाही आणि कट् करून तुटतो. फासांच्या कापडाला फासांचाच टाका हवा होता. अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये मेरो घराण्याच्या विणकाम कारखान्यातून ओव्हरलॉक यंत्र निघाले, त्याचे पेटंट १८८९चे. आपल्याकडे त्याला सरसकट इंटरलॉक म्हणतात. पण त्याची शिवण कडेवर उंच राहते आणि अंगाला टोचते. ती आडवी निजवायची युक्ती विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत युनियन स्पेशल आणि विलकॉक्स अँड गिब्ज यांनी विकसित केली: दोन, तीन किंवा चार सुया शेजारी-शेजारी आणि त्या सर्वांचे फास खालून एकत्र बांधणारा एक लूपर. म्हणजे एका कंपनीने पोत्यावरचा अनुभव आणला, तर दुसरीने त्या शेतकऱ्याच्या तर्काचा वारसा. आरीची साखळी कापडाच्या वर उमटत असे. इथे ती खालच्या बाजूला गेली. विलकॉक्स अँड गिब्जने आपल्या यंत्राला दिलेले ‘फ्लॅटलॉक’ हे नाव आपल्या बाजारात असे रुळले, की काटेकोर वर्गीकरणात चार सुयांचा ६०७ क्रमांकाचा टाका आणि टी-शर्टच्या काठाचा ४०६ क्रमांकाचा टाका वेगळे असूनही कारागीर दोन्ही यंत्रांना एकच नाव देतो.

१९१३मध्ये अमेरिकन नौदलाने आखूड बाह्यांचा विणीचा सदरा खलाशांना दिला, आणि आतला कपडा बाहेर यायला सुरुवात झाली. आपल्याकडे होजिअरीची सुरुवात १८९३ची, कोलकात्याची मानतात. तिरुपूर १९२०च्या दशकात त्यात उतरले आणि १९७०च्या दशकानंतर निर्यातीने मोठे झाले. आज शिवजयंतीला आणि गणपतीला मंडळांच्या अंगावर जे टी-शर्ट दिसतात त्यांतला कोरा माल बहुधा तिकडचा असतो. इथे त्यावर छपाई होते.

घरच्या शिलाईने या वाटेवर आपल्या चालीने मजल मारली. आधी पायमशीन आणि परकर-पोलकी. मग साडीला पिको-फॉल. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाने अनुदानावर पिको-फॉल मशीन वाटली, त्यामुळे ती खेडोपाडी पोहोचली. पंजाबी ड्रेस सर्वत्र झाला तशी लुधियानाची इंटरलॉक मशीन आली, आणि शिलाईत इंटरलॉक नसेल तर गिऱ्हाईक कपडा उलटून नापसंती दाखवू लागले. लग्नाच्या ब्लाउजवर आरी वर्कची लाट आली तेव्हा ती आकडीची सुई, गुजरातेतून फ्रान्सला जाऊन आलेली, शिवणक्लासच्या फळीवर चौथ्या-पाचव्या विषयाच्या रूपात परत हजर झाली. फक्त विणीचे कापड तेवढे घराबाहेर राहिले. लेगिंग, ट्रॅक पँट, शाळेचा खेळाचा टी-शर्ट विकतच आणायचा. २०२४मध्ये राज्याने एक राज्य एक गणवेश योजनेत बचत गटांच्या बायकांना शिलाई दिली, तेव्हाही काम सदरा-पँटच्या मागाच्या कापडाचेच होते. ती योजना त्याच वर्षाअखेर मागे घेतली गेली.

जपानी कंपन्यांनी १९६०च्या दशकात ओव्हरलॉक यंत्र घरगुती आकारात आणले होते. कव्हरस्टिच त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, विसाव्या शतकाच्या अखेरीस टेबलावर मावण्याइतके लहान झाले. कारखान्याचे यंत्र मिनिटाला पाच-सहा हजार टाके घालते, घरगुती यंत्र हजाराच्या आसपास. त्याला बॉबिन नाही, कापणारी पातीही नाही. आपण पायमशीनवर शिकलेले बरेचसे इथे विसरावे लागते. टाका उलट मारून पक्का करता येत नाही. शिवण संपली की कापड सरळ मागे ओढता येत नाही. सुयांचे फास सोडवून दोरे खालच्या बाजूला घ्यावे लागतात, नाहीतर दीडशे वर्षांपूर्वीची जुनी खोड लगेच उफाळते आणि काठ सुटत जातो. कापड सरकवणारे दात दोन जोड्यांत असतात. पुढची जोडी मागचीपेक्षा थोडी जलद ठेवली तर काठाला लाटा येत नाहीत, फार जलद ठेवली तर चुण्या पडतात. बाजूची शिवण आडवी येते तिथे कापडाचे थर वाढतात आणि टाका चुकतो. तिथे हळू जाणे, हाताने चाक फिरवणे, थर दाबून पातळ करणे हे उपाय. सुई गोल टोकाची हवी, म्हणजे ती विणीचा धागा तोडत नाही, बाजूला सारते. ज्यांना यंत्र परवडत नाही त्या साध्या मशीनला जोडसुई लावतात. वरून दोन टिपा हुबेहूब दिसतात, पण खाली बॉबिनचाच दोरा असल्याने ताण फार सहन होत नाही. चार-सहा कपड्यांपुरता तो उपाय मला वाईट वाटत नाही. गिऱ्हाइकाच्या कामाला मात्र तो वापरू नये.

दोऱ्याचा हिशेब सगळ्यात बोलका आहे. एक मीटर साध्या टिपेला सुमारे अडीच मीटर दोरा लागतो. दोन सुयांच्या कव्हरस्टिचला सुमारे १८ मीटर. ग्रोव्हर-बेकरच्या यंत्राला दोऱ्याच्या ज्या खर्चाने बुडवले, त्याच्या कितीतरी पट खर्च इथे निमूट चालतो, कारण गिरणीचा पॉलिस्टर दोरा आता कोनच्या कोन मिळतो. पायमशीनला वीज लागत नव्हती, म्हणून भारनियमनाच्या वर्षांतही नगरच्या शिवणकाम करणाऱ्या बायकांचे हात थांबले नाहीत. या यंत्राला वीज हवी आणि किंमत पायमशीनच्या कितीतरी पट. बॉबिनच्या शटलवर उमेदवारी केलेल्या मेकॅनिकला लूपरची जुळणी नव्याने शिकावी लागते. सुईच्या फासात लूपरचे टोक केसाएवढे उशिरा शिरले तरी टाका गळतो. ऑगस्टमध्ये शाळांचे खेळाचे कपडे, हिवाळ्यात कबड्डी संघांच्या जर्सी आणि मधले महिने रिकामे, असा हंगाम धरला तर एका घराच्या स्वतःच्या कामावर यंत्राचे पैसे निघत नाहीत. ते निघतील ते पिको-फॉलच्याच रीतीने: शेजारच्या चार शिलाई करणाऱ्यांचे शिवून तयार झालेले कपडे नगावर घ्यायचे आणि फक्त काठ, बाह्या, गळे मारून द्यायचे.